पाय कुठं ठेवावेत?

मागच्या गणपतीत मी मार्गदर्शक झालो. झालो म्हणजे, सकाळी दुधाला निघालो तर गल्लीच्या तोंडाशी झालेलाच दिसलो. वीस बाय दहाचा फ्लेक्स. मधोमध मंडळाचे अध्यक्ष, वय बावीस, डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले पण मान ताठ. आणि उजव्या अंगाला, वरून तिसऱ्या ओळीत, मी. खाली लाल अक्षरांत ‘मार्गदर्शक’. फोटो मेहुणीच्या लग्नातला होता. पोरांनी तो कुठून तरी पैदा केला होता. कापताना घाई झाली असावी, कारण माझ्या डाव्या बाजूला हिरव्या शालूतला एक खांदा तसाच राहून गेला होता. तो खांदा कुणाचा, यावर घरात तीन दिवस चौकशी समिती बसली. माझ्या मार्गदर्शनाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

मी मार्गदर्शन तरी काय केलं होतं? पोरं वर्गणीला आली तेव्हा एवढंच म्हणालो होतो, “स्पीकरचा आवाज जरा कमी ठेवा रे.” त्यांनी मान डोलावली, ५०१ रुपयांची पावती फाडली आणि स्पीकर आमच्या खिडकीकडे तोंड करून बसवला. शिकवणी लावली की पोरगं फी भरतं. मार्गदर्शनात मार्गदर्शकच फी भरतो, हा शोध मला तेव्हा लागला.

फ्लेक्सचं व्याकरण एकदा समजून घ्यायला हवं. सगळ्यात वर ‘प्रेरणास्थान’. ही माणसं एक तर वर गेलेली असतात, नाही तर दिल्लीला. त्याखाली ‘आधारस्तंभ’. यांनी पैसे दिलेले असतात. त्याखाली ‘मार्गदर्शक’. यांनी फारसे पैसे दिलेले नसतात, पण फोटो लावला नाही तर फुगून बसतील अशी भीती असते. तळाला ‘शुभेच्छुक’, ही म्हणजे जत्रा. आणि मधोमध ‘युवा नेतृत्व’. त्याच्या मागे बहुतेक ‘भावी’ असतं. भावी नगरसेवक, भावी सभापती, एका ठिकाणी तर नुसतंच ‘भावी’. मराठीत भूतकाळ आहे, वर्तमानकाळ आहे, पण आमच्याकडचं सगळं नेतृत्व भविष्यकाळात राहतं. तिथं मतदान होत नाही, त्यामुळे डिपॉझिटही जात नाही.

आमचा हिंगोली जिल्हाही तसा तरुणच म्हणायचा. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघाला. वाटणीत आम्हाला पाच तालुके मिळाले : हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मात्र थोरल्या भावानं ठेवून घेतली. तिला हिंगोलीशी यमक जुळत नाही, हे खरं. पण वाटण्या अशाच होतात. जमीन धाकट्याला, मान थोरल्याला.

नेतृत्वाची परंपरा मात्र आमच्या शहराला जुनी आहे. निजामाच्या काळात इथं फौजेची छावणी होती. फौज गेली, नावं राहिली. आजही आमच्याकडे पलटण आहे, रिसाला आहे, तोफखाना आहे आणि पेन्शनपुरा आहे. माणसाचं अख्खं आयुष्य चार मोहल्ल्यांत सांगून टाकणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. पलटणीत भरती व्हावं, रिसाल्यात घोडं दामटावं, तोफखान्यात आवाज करावा आणि शेवटी पेन्शनपुऱ्यात बसून बाकीच्यांना तोफ कशी डागायची ते सांगावं. गावात पेन्शनपुरा नावाचा मोहल्ला एकच आहे, पण त्या वृत्तीची शाखा प्रत्येक पारावर, प्रत्येक कट्ट्यावर आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या प्रत्येक टोळक्यात आहे.

या शाखांचं काम पाहायचं असेल तर चौकात उभं राहून कुणी गाडी मागं घेतंय का ते बघावं. टेम्पोला रिव्हर्स टाकला रे टाकला की चार दिशांनी चार मार्गदर्शक उगवतात. पानटपरीवरचा चुना मळता मळता येतो, रिक्षातला उतरून येतो, एक जण तर सायकलवरून चाललेला असतो, तो सायकल स्टँडला लावून येतो. “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...” हाताच्या पंजानं हवा ओढत चौघं एका सुरात गातात. ड्रायव्हर आरशात बघायचं सोडून यांच्याकडे बघतो. मग मागच्या खांबावर धाडकन आवाज होतो आणि त्यानंतर चौघंही एका सुरात म्हणतात, “बास!” ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत चौघांतलं कुणी जाग्यावर नसतं. चुना मळणारा चुना मळत असतो, सायकल गेलेली असते. ‘येऊ द्या’ म्हणायला माणसं कधी कमी पडत नाहीत. ‘बास’ वेळेवर म्हणणारा मिळत नाही.

वेळेवर ‘बास’ म्हणणारा एक माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मला होता. कडोळीचे नानाजी देशमुख. १९७७ ला लोकसभेत निवडून आले. मंत्रिपद चालून आलं असता नको म्हणाले, आणि साठी उलटल्यावर राजकारण सोडून गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत कामाला लागले. साठीनंतर पुढाऱ्यांनी बाजूला व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिमानाचे मेसेज पुढे पाठवले. त्या साठीच्या मुद्द्याचा मेसेज मात्र माझ्याकडे अजून आलेला नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

तर अशा वातावरणात दिवाळीनंतर आमच्या कार्यालयात पत्र आलं की प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला एक ‘मेंटॉर’ नेमून द्यावा. मेंटॉर म्हणजे काय, असं मी आस्थापनेच्या बाबूंना विचारलं. ते म्हणाले, “जादा भत्ता नसलेला साहेब.” माझ्या वाट्याला एक पोरगा आला. पावसाळ्यात रुजू झालेला, वसमतकडच्या एका खेड्यातला, आमच्याच गल्लीत खोली करून राहणारा. बोलायला कमी आणि बघायला जास्त. अशा माणसांची मला पहिल्यापासून धास्ती वाटते.

आधी आम्हा मेंटॉर लोकांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले होते. कानाला माईक चिकटवलेला, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी पडद्यावर गरुड दाखवला. चाळीस वर्षांचा झाला की गरुड म्हणे डोंगरावर जातो, दगडावर आपटून स्वतःची चोच मोडतो, नवी चोच आल्यावर नखं उपटतो आणि मग नव्या दमानं आणखी तीस वर्षं जगतो. आम्ही भारावलो. तेवढ्यात आमचे पशुसंवर्धनातून बदलून आलेले एक सहकारी उभे राहिले. “सर, चोच मोडल्यावर तो महिने-महिने खातो काय?” सभागृह शांत. “अन् गरुड सत्तर वर्षं जगत नसतो सर. चोच मोडली की आठवड्यात मरतो.” प्रशिक्षकांनी पुढची स्लाइड घेतली. त्यात हत्ती होता. सहकाऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला, तशी तीही स्लाइड लवकर गेली.

मग त्यांनी हमखास प्रश्न टाकला, “पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठं पाहता?”

“संभाजीनगरला. अर्ज दिलाय,” पहिला म्हणाला.

“पेन्शनीत,” दुसरा.

“वरच्या मजल्यावर. तिथं एसी आहे,” तिसऱ्या बाई.

पाणी वाटत फिरणाऱ्या शिपाईमामांनाही साहेबांनी उत्साहात विचारलं. मामा पेला पुढं करत म्हणाले, “हितंच, साहेब. तुम्ही लोक बदलत्यात. मी हितंच असतो.” त्या दिवसभरात नेतृत्वाविषयी ऐकलेलं तेच एक वाक्य मला पटलं. आमच्या कार्यालयात नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात त्याला कार्यालय कोण शिकवतं? कुठलं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, कोणत्या गावचे लोक आले की आधी चहा सांगायचा, कुणाला ‘उद्या या’ म्हटलेलं चालतं आणि कुणाला नाही? मामाच. पण कुठल्याही फ्लेक्सवर मामांचा फोटो मी पाहिलेला नाही.

माझं मेंटॉरपण सोमवारी सुरू झालं. मी पोरग्याला समोर बसवलं आणि बावीस वर्षांच्या नोकरीचं सार सांगितलं. फाइलवर पहिली सही आपली करायची नाही. साहेब ‘बघू’ म्हणाले तर नाही, ‘बघतो’ म्हणाले तर हो. शुक्रवारी दुपारनंतर आलेलं पत्र सोमवारी आलेलं असतं. तो खाली मान घालून वहीत लिहून घेत होता. मी दचकलो. घरात-दारात माझं बोलणं आजवर कुणी नीट ऐकलं नव्हतं, आणि हा तर शब्दन् शब्द उतरवत होता. मध्येच त्यानं मान वर केली.

“सर, हे असं का?”

बावीस वर्षांत ‘का’ हे अक्षर मला कार्यालयात कुणी विचारलं नव्हतं. मी घसा खाकरून म्हणालो, “पहिल्यापासून असंच आहे.”

त्यानं तेही लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एकदा संध्याकाळी सगळे गेल्यावर तो माझ्या टेबलाशी घुटमळला. मी तेव्हा रोजचं काम करत होतो. म्हणजे आलेली ई-मेल छापायची, कागदावर शेरा मारून सही करायची, कागद स्कॅन करायचा आणि तो स्कॅन पुन्हा ई-मेलला जोडून पुढं पाठवायचा. चार वर्षं मी हे इमानेइतबारे करत होतो आणि ‘पेपरलेस’च्या बैठकीत त्याची आकडेवारीही देत होतो. “सर,” तो हळूच म्हणाला, “हे थेट पण पाठवता येतं. इथनं.” त्यानं एक बटण दाखवलं. बटण चार वर्षं तिथंच होतं. त्यानं हे दुपारी, दहा माणसांदेखत सांगितलं असतं तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं. पण त्यानं सगळे जायची वाट पाहिली होती. शिकवायला काय लागतं, हे प्रशिक्षकांनी सहा तासांत सांगितलं नव्हतं. निदान अर्धं तरी मला तेव्हा कळलं. समोरच्याची अब्रू शाबूत ठेवावी लागते. मार्गदर्शक कोण आणि कोण कुणाचा, हा प्रश्न मात्र त्या संध्याकाळपासून मला छळू लागला.

मार्चमधल्या एका रविवारी तो म्हणाला, “सर, गावाकडं हळद शिजायलीय. येता का?” आम्ही त्याच्या मोटारसायकलवर निघालो. हिंगोलीहून वसमतला जायचं तर वाटेत औंढा लागतं, आणि औंढ्याला उतरल्याशिवाय पुढं जाण्याची आमच्याकडं पद्धत नाही.

नागनाथाचं देऊळ नेतृत्वाच्या अभ्यासकांनी एकदा नीट बघावं असं आहे. बाहेरून एवढं थोरलं, कोरीव, पायापासून शिल्पांनी भरलेलं. पण देव मात्र खाली तळघरात. अरुंद वाटेनं, वाकून, जवळजवळ बसूनच उतरावं लागतं. वर ‘व्हीआयपी’ असलेला माणूस खाली पोहोचेपर्यंत चौघांसारखाच घामाघूम होतो. आणि नंदी? नंदी जिथं असायला हवा तिथं समोर नाहीच, तो मागच्या बाजूला. त्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, दारातल्यांनी त्यांना मागं जा म्हणून हाकललं. ते मागं जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून बसलं. देव फिरला, शिखर फिरलं, नंदी राहिला. आमचे शिपाईमामा म्हणतात, “नंदीला जीआर मिळाला नसंल.” वरिष्ठांनी तोंड फिरवलं तरी जुन्या जागेवर, जुन्या आदेशानुसार, इमानानं बसून राहिलेलं ते एकनिष्ठ खातं पाहिलं की मला उगाच घरच्यासारखं वाटतं.

पण औंढ्याची खरी गोष्ट नंदीच्या आधीची आहे. ती मडक्यापासून सुरू होते.

नामदेव आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे, अशी आम्हा लोकांची श्रद्धा आहे, आणि गावाचं नावही आता नर्सी नामदेवच. जन्म १२७० चा. विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा, हातचं खायचा. म्हणजे ओळख थेट वरपर्यंत. अशा माणसाला मार्गदर्शकाची गरज काय? तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. तिथं मुक्ताबाईला कोपऱ्यात कुंभाराचं थापटणं दिसलं. हे कशाला, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग मुक्ताबाई म्हणाली, आम्ही पण मडकीच, आम्हाला पण तपासा. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांच्या डोक्यावर थाप पडली, तसे ते फणकारले. काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं.

वार्षिक मूल्यांकनाचा याहून थोडक्यात आटपलेला कार्यक्रम माझ्या माहितीत नाही. ना फॉर्म, ना स्वमूल्यमापन, ना ‘सुधारणेस वाव आहे’. एक थाप आणि एक शब्द. आणि चाचणीची खुबी बघा. थापेच्या आवाजावरून नव्हे, थाप बसल्यावर माणूस किती आवाज करतो त्यावरून निकाल.

नामदेव तक्रार घेऊन थेट विठ्ठलाकडे गेले. आपणही हेच करतो, खालच्यानं शेरा मारला की वरच्याला भेटतो. पण वरच्यानं निकाल कायम ठेवला. म्हणाला, औंढ्याला विसोबा खेचर आहेत, त्यांच्याकडे जा. नामदेव औंढ्याला आले, तर गुरू देवळात आडवे पडलेले आणि पाय थेट महादेवाच्या पिंडीवर! नामदेवांनी जे म्हणायचं तेच म्हटलं. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा, मला उठवत नाही. जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, बाजूला ठेवले, तर तिथं पिंड. पलीकडे ठेवले, तिथंही पिंड. जिथं पाय ठेवावा तिथं पिंड. शेवटी नामदेवांच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

यात विसोबांनी किती शिकवलं? एक वाक्य. बाकी सगळं काम शिष्याच्या हातांनी झालं. आमच्या कार्यालयात असते तर त्यांनी आधी प्रस्तावना केली असती, मग “आमच्या वेळी” म्हणून सुरुवात करून गरुडापर्यंत गेले असते, आणि नामदेव बिचारे पंढरपूरची गाडी पकडायला उठले असते. विसोबा पडून राहिले. ‘हे पाय धर आणि तूच जागा शोध,’ एवढंच.

आणि हे विसोबा तरी कोण? आळंदीत मुक्ताबाई-ज्ञानोबा या भावंडांना छळणारे. मुक्ताबाईला मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू नये म्हणून आडवे आलेले. मग ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले गेलेले पाहिले आणि विसोबांचा ताठा उतरला. म्हणजे गुरुजी स्वतः आधी नापास झालेले. आणि दोन्ही गोष्टींत, खापराच्याही आणि थापटण्याच्याही, मुळाशी सगळ्यात धाकटी मुक्ताबाई. चांगदेव तर म्हणे चौदाशे वर्षं जगून तिचे शिष्य झाले. हल्ली कंपन्यांत तरुणांनी म्हाताऱ्यांना शिकवण्याची नवी पद्धत निघाली आहे म्हणतात. आमच्याकडे ती तेराव्या शतकात चालू होती, तीही चौदाशे वर्षांच्या प्रशिक्षणार्थीसह.

देवळातून बाहेर पडलो तेव्हा पोरग्यानं हातानं दिशा दाखवली. “सर, तिकडं दुधाळ्याजवळ लायगो होतंय.” चार चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात पसरलेलं ते यंत्र असणार आहे. एका प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाइतकी थरथर त्याला ओळखता येईल. अमेरिकेतल्या तशाच यंत्रांनी २०१५ मध्ये दोन कृष्णविवरं आदळल्याचा आवाज पकडला, तो १३० कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सरकारनं २०२३ मध्ये दुधाळ्याच्या यंत्रासाठी २६०० कोटी मंजूर केलेत. म्हणजे जगातले सगळ्यात तिखट कान आता औंढा तालुक्यात बसणार. माझ्या डोक्यात आलं, १३० कोटी वर्षांपूर्वीचं ऐकू येईल. पण काल बायको काय म्हणाली ते ऐकायला अजून यंत्र निघालेलं नाही.

पोरग्याच्या गावात शिरण्याआधीच हवा पिवळी झाली होती. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या वासाला ते केव्हाच मिळायला हवं होतं. शेताच्या कडेला कुकर लागला होता. ट्रॉलीवरचे लोखंडी ड्रम, खाली धगधगता जाळ, झाकणाच्या फटीतून फुसफुसणारी वाफ. पूर्वी थोरल्या कढईत पाला आणि गोणपाट झाकून शिजवायचे, आता वाफेवर होतं. दहा-बारा माणसं कामाला होती. एकानं ड्रम भरायचा, एकानं जाळ बघायचा, बायांनी शिजलेली हळद पसरायची. ओरडाआरडा कुणाचाच नाही. मी मेंटॉरच्या नजरेनं मुकादम शोधत होतो. सापडेना.

मग दिसली. लिंबाच्या सावलीत पोत्यावर बसलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. पोरग्याची आजी. तिच्या हातात एक बारीक काडी. ड्रम उघडला की एक बाई मूठभर हळकुंडं तिच्यापुढं ठेवायची. आजी एक उचलायची, काडी टोचायची, अंगठ्यानं दाबायची आणि नुसती मान हलवायची. मान खाली गेली तर ड्रम रिकामा, आडवी गेली तर जाळ चालू. बारा माणसांचं काम त्या एका मानेवर चाललं होतं. हळद कमी शिजली तर नीट वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. वर्षभराची कमाई त्या काडीच्या टोकावर.

“आजे, हे आमच्या ऑफिसातले सर. माझे मेंटॉर.”

“म्हंजी?”

“मार्गदर्शक.”

आजीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग एक गरम हळकुंड आणि ती काडी माझ्या हातात ठेवली. “बघा बरं साहेब.”

मी काडी टोचली. सहज आत गेल्यासारखी वाटली. दहा माणसं माझ्याकडे बघत होती आणि २२ वर्षांच्या सेवेत मी कधी ‘माहीत नाही’ म्हटलेलं नाही. “झालं,” मी म्हणालो. “काढा.”

कुणी हललं नाही. आजीनं हळकुंड घेतलं, मधोमध मोडून माझ्यापुढं धरलं. आत एक फिकट गाभा होता.

“कच्चं हाय, साहेब,” ती मायेनं म्हणाली.

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथं काहीच लागलं नव्हतं, पण लागल्यासारखं वाटत होतं. बोलायला मी तोंड उघडलं. जाळ बरोबर नसेल, हळकुंड जाड असेल, उजेड कमी होता. तीन कारणं तयार होती. मग मला तेरचा निकाल आठवला आणि मी तोंड मिटलं. माझ्या नोकरीतली ती बहुधा पहिली प्रगती.

“मंग काय कराचं?” मी विचारलं. माझ्याच तोंडातून गावची बोली निघाली याचं मला नवल वाटलं.

“कराचं काय? आणखी दहा मिनटं जाळ लावाचा. कच्चं हाय म्हनून फेकून देत असतेत का?” आजी म्हणाली. मग बाजूच्या ताडपत्रीकडं बोट केलं. “तवर तिकडली पसरलेली सारखी करा. लाकडी फावडं हाय बघा.”

मी बूट काढले, फावडं घेतलं आणि हळदीच्या खळ्याकडं निघालो. हळद पसरली होती, पण खाली सगळीकडं ताडपत्री नव्हती. कडेनं जागा कमी पडली म्हणून जुने फ्लेक्स जोडले होते. वाढदिवसाचे, जयंतीचे, निवडीचे. पिवळ्या ढिगाऱ्यांमधून ठिकठिकाणी गॉगल, जोडलेले हात, मिशा डोकावत होत्या. मी पाय उचलला आणि थबकलो. समोर एक भावी सभापती. पाय डावीकडे नेला, तिथं आधारस्तंभ. उजवीकडे वळवला, तिथं प्रेरणास्थान, हार घातलेलं. जिथं पाय ठेवावा तिथं नेतृत्व! एक पाय अधांतरी धरून मी औंढ्याच्या गुरूसारखा लटकत राहिलो.

आणि मग दिसलं. खळ्याच्या अगदी कोपऱ्यात, वरून तिसऱ्या ओळीत, एक ओळखीचा हिरवा खांदा. शेजारी हळदीनं अर्धा बुजलेला मी. लाल अक्षरांत ‘मार्गदर्श’ एवढंच राहिलं होतं. ‘क’वर घमेलं ठेवलेलं होतं.

पोरगा मागून धावत आला, कानापर्यंत लाल झालेला. “सर, सॉरी... विसर्जनानंतर मंडळाच्या पोरांकडून मागून आणला होता. मी बघितलंच नाही, तुम्ही त्याच्यात...”

सावलीतून आजीचा आवाज आला. “काहून थांबले साहेब? ठेवा पाय बिनधास्त. बाया दिसभर त्याच्यावरूनच ये-जा करतेत. हळद खराब होत नाही.”

पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारात एक पायरी आहे. पाय पिंडीवर कसे ठेवले, म्हणून ज्यांनी औंढ्याला गुरूशी वाद घातला, त्या नामदेवांनी शेवटी स्वतःसाठी जागा मागून घेतली ती तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय डोक्यावर पडतील अशी. त्यांना त्यासाठी सबंध आयुष्य लागलं. मला ती ५०१ रुपयांत, पावतीसकट मिळाली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

मी माझ्याच कपाळावर पाय ठेवला आणि फावडं चालवायला लागलो. हळद अजून गरम होती. दहा मिनिटांनी आजीनं नवं हळकुंड मोडून पाहिलं, मान खाली गेली, ड्रम रिकामा झाला. माझ्याबद्दल तिनं काही निकाल दिला नाही. एवढंच म्हणाली, “पुढल्या रविवारी बी या. जाळ हाय अजून.”